कायमचा आरोपी

२०२५ सालच्या ऑक्टोबरमध्ये, ज्यूंच्या पंचांगातील सर्वांत पवित्र अशा योम किप्पूरच्या दिवशी, इंग्लंडातील मँचेस्टर शहरात एका सिनेगॉगवर हल्ला झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर हनुक्काचा सण साजरा करण्यासाठी जमलेल्या स्त्रीपुरुषांवर गोळ्या झाडण्यात आल्या. दोन्ही देश लोकशाहीचे, कायद्याचे आणि सुबत्तेचे आहेत. मारेकरी कोण होते आणि त्यांना शस्त्रे कोठून मिळाली, हे शोधण्याचे काम पोलिसांचे व न्यायालयांचे. परंतु ज्या द्वेषातून अशी कृत्ये पुनःपुन्हा घडतात, त्याचे मूळ पोलिसी तपासात सापडणारे नाही. त्यासाठी इतिहासाकडेच वळले पाहिजे.

हा इतिहास दोन हजार वर्षांहून अधिक लांबीचा आहे. तो चाळताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की ज्यूंवर वेळोवेळी ठेवण्यात आलेले आरोप एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. ते आपल्यापुरते वेगळे राहतात म्हणून अपराधी, आणि इतरांत मिसळतात म्हणूनही अपराधी. सावकार म्हणून ते शोषक, आणि क्रांतिकारक म्हणून समाजविध्वंसक. त्यांना देश नव्हता तेव्हा ते संशयित होते. देश मिळाल्यावरही ते संशयितच राहिले. एकाच आरोपीवर परस्परविरुद्ध आरोप येऊ लागले, तर कोणताही विचारी न्यायाधीश आधी फिर्यादीची तपासणी करील.

ती तपासणी केली असता एक गोष्ट विशेषेकरून नजरेस येते. ज्यूद्वेष हा अडाणी जमावाचा उद्रेक आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. दंगा जमाव करतो हे खरे. परंतु जमावाच्या तोंडी शब्द घालण्याचे काम प्रत्येक युगात विद्वानांनी, धर्मोपदेशकांनी, कायदेपंडितांनी आणि, सांगावयास संकोच वाटतो, पत्रकारांनी केलेले आहे. ज्या युगात जी भाषा प्रतिष्ठित असेल ती भाषा हा द्वेष उचलतो. एके काळी त्याने धर्माची भाषा घेतली, पुढे विज्ञानाची घेतली आणि आमच्या काळात न्यायाची भाषाही तो सफाईने बोलू लागला आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील अलेक्झांड्रिया शहर घ्या. ज्ञानाचे केवढे मोठे पीठ! इ. स. ३८ मध्ये तेथील रोमन सुभेदार फ्लाकस याने ज्यूंना परके ठरविले. त्यांना शहराच्या एका भागात कोंबण्यात आले, त्यांची घरेदारे लुटली गेली आणि कित्येकांचे प्राण घेण्यात आले. गाऱ्हाणे मांडण्यासाठी फिलो हा ज्यू तत्त्वज्ञ शिष्टमंडळ घेऊन सम्राट कॅलिग्युलाकडे रोमला गेला. विरुद्ध बाजूने जे शिष्टमंडळ गेले, त्यात होमरच्या काव्याचा भाष्यकार अपिऑन हा व्याकरणपंडित होता. ज्यूंविषयीच्या नाना कंड्या त्याने ग्रंथबद्ध केल्या आणि त्यांचे खंडन करण्यासाठी जोसीफस या इतिहासकाराला पुढे स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागला. इ. स. ७० मध्ये टायटसने जेरुसलेमचे मंदिर जाळले. त्यानंतर ज्यू आपल्या मंदिरासाठी जी वर्गणी देत, तीच रोममधील ज्युपिटरच्या मंदिरासाठी कर म्हणून त्यांच्याकडून वसूल होऊ लागली. तथापि प्राचीन जगातील हा द्वेष बराचसा परकेपणाचा होता. एकच देव मानणारे, आठवड्यातून एक दिवस काम बंद ठेवणारे आणि दुसऱ्यांच्या पंक्तीला न बसणारे हे लोक शेजाऱ्यांना चमत्कारिक वाटत. असे वैर जगात पुष्कळ जमातींच्या वाट्याला आले आहे.

द्वेषाला तत्त्वज्ञानाची बैठक मिळाली ती ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा धर्म झाल्यावर. येशू स्वतः ज्यू होता आणि त्याचे पहिले अनुयायीही ज्यूच होते. परंतु रोमन अधिकाऱ्याच्या हुकमाने झालेल्या त्याच्या वधाचा दोष ज्यूंच्या सर्व पिढ्यांवर ठेवण्यात आला. इ. स. ३८६-८७ मध्ये अँटिऑक शहरात जॉन क्रिसॉस्टम या विख्यात धर्मोपदेशकाने ज्यूंविरुद्ध अत्यंत जहाल प्रवचने केली. त्यांना निमित्त काय झाले? त्या शहरातील सामान्य ख्रिस्ती लोक ज्यू शेजाऱ्यांच्या सणांना आनंदाने जात, सिनेगॉगमध्ये शपथा घेत. ही जवळीक उपदेशकाला सहन झाली नाही. शेजारी गुण्यागोविंदाने राहत असता पंडितांनी भिंत उभारावी, हा प्रकार पुढील इतिहासात वारंवार दिसतो. सेंट ऑगस्टीनने एक मधला मार्ग सुचविला: ज्यूंना मारू नये, आपल्या धर्मग्रंथाचे जुने साक्षीदार म्हणून त्यांना जगू द्यावे, मात्र हीन स्थितीत. त्या हीन स्थितीतच त्यांनी पुढील हजार वर्षे काढली.

ती हीन स्थिती कशी चालत असे, हे समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक ठिकाणी ज्यूंना जमीन धारण करता येत नसे आणि कारागिरांच्या संघांत प्रवेश नसे. ख्रिस्ती माणसाने व्याज घेणे चर्चने निषिद्ध ठरविले होते. कर्जाची गरज मात्र राजापासून रयतेपर्यंत सर्वांना होती. सावकारी हा ज्यूंना मोकळा राहिलेला थोड्या धंद्यांपैकी एक. राजा त्यांना आपली मालमत्ता समजे आणि त्यांच्यावर वाटेल तसा कर बसवी. तो भरण्यासाठी ज्यू सावकार कुळाला पिळी. पैसा राजाच्या तिजोरीत पडे आणि शिव्याशाप ज्यूच्या पदरात. ११९० मध्ये इंग्लंडातील यॉर्क येथे सुमारे दीडशे ज्यू किल्ल्यात कोंडले जाऊन मृत्यू पावले. त्यानंतर दंगेखोरांनी तेथील मोठ्या चर्चमध्ये ठेवलेली कर्जखते बाहेर काढून जाळली. धर्माभिमानाचा हिशेब असा चुकता झाला! पुढे शंभर वर्षांनी, १२९० मध्ये, पिळण्यासारखे काही उरले नाही तेव्हा पहिल्या एडवर्डने साऱ्या ज्यूंना इंग्लंडातून हद्दपार केले.

त्यापूर्वी १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाईनकाठच्या वर्म्स व मेंझ या शहरांत ज्यूंच्या कत्तली केल्या होत्या. आश्रय देऊ पाहणाऱ्या बिशपांचेही तेथे काही चालले नाही. ११४४ मध्ये इंग्लंडातील नॉरिच येथे विल्यम नावाच्या मुलाचे प्रेत सापडले. काही वर्षांनी थॉमस नावाच्या मठवासी साधूने ग्रंथ लिहून तो ज्यूंनी केलेला धर्मविधीचा खून ठरविला. ज्या धर्माने आहारात रक्ताचा थेंबही निषिद्ध मानला, त्याचे अनुयायी ख्रिस्ती मुलांचे रक्त वापरतात, ही कंडी पुढे युरोपभर पसरली. १२१५ मध्ये चर्चच्या लॅटरन परिषदेने ज्यूंनी वेगळा पोशाख करावा असे फर्माविले. ओळखू येण्याची सोय झाली की बहिष्कार सोपा होतो. १३४८ मध्ये प्लेगने युरोप उजाड होऊ लागला, तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालविल्याची आवई उठली. ज्यूही प्लेगने मरत आहेत आणि जेथे ज्यू नाहीत तेथेही प्लेग आहे, हे पोप सहावा क्लेमेंट याने जाहीरनामा काढून निदर्शनास आणले. परंतु १३४९ च्या फेब्रुवारीत स्ट्रासबुर्ग येथे शेकडो ज्यू जिवंत जाळले गेले आणि नगरवासीयांवरील त्यांची कर्जे रद्द झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची म्हण आमच्याकडे विनोदाने सांगतात. येथे ती राज्यकारभाराची रीत होऊन बसली.

धर्म हेच कारण असते, तर धर्मांतराने प्रश्न मिटला असता. स्पेनमध्ये तो मिटला नाही. १३९१ च्या दंगलींनंतर तेथील हजारो ज्यूंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांची मुले राजदरबारी व चर्चमध्ये मोठ्या पदांवर चढली. तेव्हा १४४९ मध्ये टोलेडो शहराने रक्तशुद्धीचा नियम केला: बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ज्याचे पूर्वज ज्यू त्याला सार्वजनिक पद नाही. वंशाचा सिद्धान्त विसाव्या शतकात जर्मनीत जन्मला असे मानणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवावे. १४९२ मध्ये स्पेनने उरलेल्या ज्यूंना हाकलले. १४९७ मध्ये पोर्तुगालने त्यांना सक्तीने बाटविले.

ह्या रक्तचिकित्सेची झळ आमच्या किनाऱ्यालाही लागली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य अशाच बाटविलेल्या ज्यू घराण्यातील होता. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि मुंबईचे बेट पोर्तुगीजांनी त्याला खंडाने दिले होते. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. ज्याच्या विद्येचा लाभ साऱ्या युरोपने घेतला, त्याच्या हाडांवरही त्याच्या पूर्वजांचा गुन्हा शाबीत झाला!

इस्लामी देशांत स्थिती तुलनेने बरी होती, पण ती समतेची नव्हती. जिझिया देऊन आणि दुय्यम दर्जा पत्करून ज्यूंना तेथे राहता येत असे. स्पेनमधून निघालेल्या हजारोंना तुर्की सुलतानाने आश्रय दिला, ही गोष्ट त्याच्या लौकिकात भर घालणारी आहे. तथापि १०६६ मध्ये ग्रानाडात ज्यूंची कत्तल झाली होती, १८४० मध्ये दमास्कसला रक्ताची जुनी कंडी पुन्हा उठली आणि १९४१ मध्ये बगदादमध्ये ज्यू मोहल्ल्यांवर भीषण हल्ले झाले. १९४८ नंतरच्या काही दशकांत लाखो ज्यूंना अरब देश सोडावे लागले.

फ्रेंच राज्यक्रांतीने १७९१ मध्ये ज्यूंना नागरिकत्व दिले आणि पुढील शतकात युरोपातील बहुतेक प्रगत राष्ट्रांनी तोच मार्ग धरला. धर्माचा जोर ओसरला, विज्ञानाचे युग आले. आता हा द्वेष विझेल असे सुशिक्षितांना वाटले. पण त्याने विज्ञानाचेच वस्त्र पांघरले. ‘सेमिटिक’ हा मुळात हिब्रू, अरबी इत्यादी भाषांच्या कुळाला भाषाशास्त्राने दिलेला शब्द. तो वंशाला लावून विल्हेल्म मार या जर्मन पत्रकाराने १८७९ मध्ये ‘सेमिटिकविरोधी’ संघ काढला. त्याच साली बर्लिन विद्यापीठातील इतिहासाचे नामांकित प्राध्यापक ट्राइट्श्के यांनी ज्यूंविरुद्ध लेख लिहिला आणि जी गोष्ट गुत्त्यात बोलली जाई ती दिवाणखान्यात बोलण्याजोगी झाली. त्यांचेच सहकारी, रोमचे इतिहासकार मोमसेन यांनी त्यांना १८८० मध्ये खडसावून उत्तर दिले, हेही नमूद केले पाहिजे. ह्या नव्या भाषेतील फरक जीवघेणा होता. धर्म बदलता येतो. वंश बदलता येत नाही. आरोपीला सुटकेची वाटच उरली नाही.

फ्रान्समध्ये १८९४ साली ड्रेफस या ज्यू सेनाधिकाऱ्याला खोट्या पुराव्यावर देशद्रोही ठरविण्यात आले. झोला या कादंबरीकाराने १८९८ मध्ये वर्तमानपत्रातून राष्ट्राध्यक्षांना जाहीर पत्र लिहिले. तरी ड्रेफस पूर्णपणे निर्दोष ठरण्यास १९०६ साल उजाडले. रशियन साम्राज्यातील किशिनेव्ह शहरात १९०३ मध्ये ४९ ज्यू मारले गेले. रक्ताची कंडी तेथे क्रुशेवान नावाच्या संपादकाच्या पत्राने भडकविली होती. त्याच गृहस्थाच्या दुसऱ्या पत्रात त्याच वर्षी ‘झायनच्या वडीलधाऱ्यांची इतिवृत्ते’ हा बनावट दस्तऐवज प्रथम प्रसिद्ध झाला. ज्यूंनी जग ताब्यात घेण्याचा कट रचला आहे, असा त्याचा विषय. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनविरुद्धच्या १८६४ मधील एका उपरोधिक ग्रंथावरून तो चोरलेला आहे, हे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्ये ओळीला ओळ लावून सिद्ध केले. तरी तो आजही छापला जातो आणि मानलाही जातो.

पुढचा अध्याय वाचकांस परिचित आहे. त्यातील क्रम मात्र लक्षात घ्यावा. १९३३ मध्ये जर्मनीच्या लोकसंख्येत ज्यू एक टक्क्याहूनही कमी होते. युद्धातील पराभव, कोसळलेले चलन आणि बेकारी ह्या साऱ्यांचे खापर त्यांच्यावर फोडण्यात आले. आधी सरकारी नोकऱ्यांतून हकालपट्टी. १९३५ मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे व नागरिकत्वाचा लोप. १९३८ च्या नोव्हेंबरात सिनेगॉगांची जाळपोळ. अखेर छळछावण्या आणि विषारी वायूच्या कोठड्या. प्रत्येक पायरीवर न्यायाधीश, प्राध्यापक आणि डॉक्टर साह्यास होते. १९४२ च्या २० जानेवारीस बर्लिनजवळ व्हान्झे येथे संहाराची व्यवस्था लावण्यास १५ अधिकारी बसले, त्यांतील निम्मे तरी विद्यापीठांचे डॉक्टरेट होते. ६० लाख ज्यू मारले गेले; त्यांत दहा लाखांहून अधिक मुले होती. इतर राष्ट्रांनीही हात झाडले होते. १९३८ मध्ये एव्हियाँ येथे ३२ देश निर्वासितांचा विचार करण्यास जमले आणि बहुतेकांनी आपापली अडचण सांगून दारे लावून घेतली. उलट उदाहरणही आहे. १९४३ मध्ये डेन्मार्कच्या जनतेने सात हजारांहून अधिक ज्यूंना मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला पोहोचविले. तेथील धर्मगुरू, डॉक्टर व विद्यार्थी या कामात पुढे होते. सुशिक्षित वर्गाने साथ नाकारली म्हणजे काय होऊ शकते, याचा हा पुरावा.

युद्धानंतर तरी डोळे उघडले काय? १९४६ मध्ये पोलंडमधील किएल्त्से येथे संहारातून वाचलेल्या ४२ ज्यूंची हत्या झाली, आणि निमित्त होते मूल पळविल्याच्या अफवेचे. म्हणजे नॉरिचची कंडी आठशे वर्षांनीही जिवंत होती. १९५३ मध्ये स्टॅलिनच्या राजवटीने बहुतांशी ज्यू असलेल्या डॉक्टरांवर नेत्यांच्या खुनाच्या कटाचा आरोप ठेवला; तो पुढे खोटा असल्याचे मान्य झाले. १९६५ मध्ये व्हॅटिकनने येशूच्या वधाचा दोष सर्व ज्यूंवर ठेवता येत नाही असे घोषित केले. एका चुकीची दुरुस्ती झाली, पण केवढ्या विलंबाने! १९६८ मध्ये पोलंडच्या साम्यवादी सरकारने ‘झिओनिस्ट’ हा शब्द वापरून हजारो ज्यूंना देशाबाहेर घालविले. ज्यू म्हणावयाचे नाही, पण ज्यूलाच हाकलावयाचे, ही युक्ती तेव्हापासून फार उपयोगात आली आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे सिनेगॉगमध्ये ११ उपासक मारले गेले. त्या मारेकऱ्याच्या मते ज्यू हे परदेशी निर्वासितांना देशात घुसवीत होते.

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलवर हल्ला करून सुमारे १२०० माणसे मारली आणि अडीचशेंच्या आसपास लोकांना ओलीस नेले. त्यानंतर गाझात झालेल्या युद्धात, तेथील आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे, साठ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मृत्यू पावले. त्यांत मुलांची संख्या फार मोठी आहे. ह्या संहाराचा निषेध करणे म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. इस्राएल हे एक राज्य आहे आणि कोणत्याही राज्याप्रमाणे ते आपल्या कृत्यांबद्दल जबाबदार आहे. त्याच्यावर कठोर टीका करणाऱ्यांत कितीतरी ज्यू आहेत. प्रत्येक टीकाकाराच्या तोंडावर ज्यूद्वेषाचा आरोप फेकणारे लोक त्या शब्दाचे वजन नाहीसे करतात आणि खऱ्या द्वेष्ट्याला गर्दीत लपण्यास जागा करून देतात. परंतु गाझातील बाँबफेकीचा जाब जेव्हा मँचेस्टरच्या उपासकाला विचारला जातो, तेव्हा ती न्यायाची मागणी राहत नाही. वडाची साल पिंपळाला लावण्याचा तो जुनाच प्रकार आहे. टीका कृत्यावर असते. द्वेष जन्मावर असतो. ही कसोटी लावली, तर दोहोंतील भेद ओळखणे कठीण नाही.

महाराष्ट्राला ह्या विषयात एक समाधान आहे. कोकणात शतकानुशतके राहिलेले बेने इस्राएल तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले आणि विषय तेथेच संपविला. त्यांनी मराठी ही आपली भाषा केली आणि दिवेकर, पेणकर, किहीमकर अशी गावांची नावे लावली. १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. १९३७ मध्ये त्यांच्यातील डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. त्यांच्यापैकी बहुतेक पुढे इस्राएलला गेले, ते येथील छळाने नव्हे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या नरिमन हाऊसमध्ये सहा ज्यूंची हत्या झाली, तीही सीमेपलीकडून आलेल्या अतिरेक्यांनी केली.

तथापि ही पुण्याई त्या कोकणी शेजाऱ्यांची आहे. तिच्यावर आपण किती काळ जगावे? हिटलरचे आत्मचरित्र आपल्या शहरांतील पदपथांवर आणि चांगल्या दुकानांतही विकले जाते, त्याचे मराठी भाषांतरही मिळते. ग्रंथावर बंदी घालावी असे आम्ही म्हणत नाही. वाचणाऱ्याने तो अवश्य वाचावा. परंतु त्याच्या शिस्तीचे, राष्ट्रप्रेमाचे व कर्तबगारीचे कौतुक करणारे गृहस्थ आमच्या मध्यमवर्गीय बैठकांत आजही भेटतात. ‘एवढे एक सोडले तर माणूस मोठा’ असे ते सहज बोलून जातात. हे ‘एवढे एक’ म्हणजे ६० लाख माणसे होत. ज्याला त्यांचा हिशेब किरकोळ वाटतो, त्याला उद्या दुसऱ्या एखाद्या जमातीचा हिशेबही किरकोळ वाटेल. कारण यंत्र तेच असते. आरोपीचे नाव तेवढे बदलावे लागते.

प्लेग असो, महागाई असो वा पराभव असो, त्याची खरी कारणे शोधणे कष्टाचे असते; एका जमातीचे नाव घेणे सोपे असते. असे नाव कोणी सुचविले, मग तो मंचावरचा वक्ता असो, विद्यापीठातील पंडित असो वा वर्तमानपत्राचा संपादक असो, त्याच्याकडे पुरावा मागणे हे सुशिक्षिताचे कर्तव्य आहे. अलेक्झांड्रियापासून बर्लिनपर्यंत तो वेळेवर मागितला गेला नाही. तो मागण्यास विशेष शौर्य लागत नाही, आणि मागण्याची वेळ अजून आपल्या हातची आहे.